अजब बंगल्यातला नकाशा
दोराबजी टाटा यांच्या लोहशोधाची कहाणी

घरात गेरू असेल तर त्याचा एक खडा हातात घेऊन पाहा. तुळशीवृंदावन रंगवायला किंवा कुंड्यांना हात द्यायला आपण गेरू आणतो. त्याचा लाल रंग येतो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. गेरूत हे ऑक्साइड मातीत मिसळलेले असते. तेच ऑक्साइड घट्ट, जड दगडाच्या रूपात सापडले की त्याला हेमॅटाइट म्हणतात आणि मग त्याची किंमत एकदम वाढते, कारण हा दगड भट्टीत घातला की लोखंड मिळते.

या लाल दगडाच्या शोधात सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने आपला चांदा जिल्हा बैलगाडीतून पालथा घातला होता. त्याच्या शोधाला खरे वळण लागले ते मात्र रानात नव्हे, तर आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात. मी धरमपेठेत राहतो. तिथून सायकलने निघालो की थोड्या वेळात मी अजब बंगल्यापाशी पोचतो. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो असताना ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नकाशा नागपुरात पाहिला, मग कारखाना जमशेदपूरला कसा गेला?"

तिला मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले पूर्ण उत्तर आहे.

गिरणीवाल्यांचा मुलगा

आपल्या गोष्टीचे नायक दोराबजी टाटा. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जमशेटजी टाटा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजींनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापडाच्या गिरण्या मुंबईत काढायच्या, अशी त्या काळची रीत होती. पण जिथे कापूस पिकतो तिथेच गिरणी काढली तर कापूस वाहून नेण्याचा खर्च वाचेल, असा जमशेटजींचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढे लोखंडाच्या बाबतीत हाच हिशेब कसा उलटसुलट करावा लागला, ते आपण पाहणार आहोत.

त्याच वर्षी दोराबजी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले. दोन वर्षांनी परत येऊन ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात दाखल झाले आणि १८८२ मध्ये बी. ए. झाले. पुढे दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात काम केले. १८८४ मध्ये ते वडिलांच्या व्यवसायात शिरले. कापसाचा धंदा शिकण्यासाठी वडिलांनी त्यांना नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये पाठवले. अशा रीतीने नागपूर हे त्यांच्या उमेदवारीचे गाव झाले.

दोराबजी भूशास्त्रज्ञ नव्हते की रसायनशास्त्रज्ञही नव्हते, हे ध्यानात घ्या. ते गिरणीवाल्यांच्या घरात वाढलेले होते. लोखंड त्यांच्याकडे आले ते वडिलांच्या एका अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नातून.

चांद्याचा अहवाल

१८८२ मध्ये जमशेटजींच्या वाचनात एक अहवाल आला. फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाने तो लिहिला होता आणि त्याचा विषय होता चांदा जिल्ह्यातील लोखंड. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. आजचा गडचिरोली जिल्हाही तेव्हा त्यातच होता. लोहारा येथील टेकडीत उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण आहे, हे जमशेटजींनी हेरले. एम्प्रेस मिलपासून हा सारा प्रदेश हाकेच्या अंतरावर. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची परीक्षा करवून घेतली. पण तो कोळसा झोतभट्टीला चालण्यासारखा नव्हता. शिवाय खाणकामाचे त्या वेळचे सरकारी नियमही जाचक होते. बेत बारगळला, पण जमशेटजींनी तो मनातून काढून टाकला नाही.

१८९९ मध्ये खाणींचे नियम सैल झाले. १९०२ मध्ये जमशेटजी अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या नामवंत सल्लागार अभियंत्याला त्यांनी गाठले. पेरिन यांनी आपला सहकारी, सी. एम. वेल्ड हा भूशास्त्रज्ञ, पुढे हिंदुस्थानात पाठवला. जमशेटजींची प्रकृती तोवर ढासळली होती. म्हणून रानात हिंडण्याचे काम दोराबजींवर आले.

दगडातून लोखंड कसे निघते?

आता गोष्ट जरा थांबवू या आणि भट्टीत डोकावू या. त्याशिवाय पुढचे नकार समजणार नाहीत.

हेमॅटाइटच्या एका रेणूत लोखंडाचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. लोखंडाचा अणुभार ५६ आणि ऑक्सिजनचा १६ धरा. लोखंडाचे वजन झाले ११२, ऑक्सिजनचे ४८, एकूण १६०. म्हणजे अगदी शुद्ध हेमॅटाइटमध्येही लोखंड असते ७० टक्के. त्याहून जास्त असूच शकत नाही. एखाद्या खाणीतल्या खनिजात ६० टक्क्यांहून अधिक लोखंड असेल तर ते फार उत्तम समजावे.

लोखंडापासून ऑक्सिजन सोडवायचा तर त्याला लोखंडापेक्षा अधिक ओढ लावणारा कोणीतरी हवा. तो म्हणजे कर्ब. झोतभट्टीत वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकतात आणि खालून तापवलेल्या हवेचा जोरदार झोत सोडतात. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. तो वर चढताना खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. उरलेले लोखंड वितळून तळाशी साचते. खनिजातली माती-वाळू चुनखडीशी संयोग पावून धातुमळी होते. ती हलकी असल्यामुळे लोखंडावर तरंगते आणि वेगळी काढता येते.

यात कोकच कशाला, साधा दगडी कोळसा का चालत नाही? असे पाहा. झोतभट्टी म्हणजे कित्येक मीटर उंचीचा, दगडांनी भरलेला मनोरा. खालच्या थरांवर वरच्या साऱ्या थरांचा भार पडतो. इंधन ठिसूळ असेल तर त्याचा भुगा होतो आणि हवेचा मार्ग बंद होतो. शेगडीत नुसता कोळशाचा चुरा भरून पाहा, कितीही वारा घाला, ती नीट पेटत नाही. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर भट्टीत होते. काही विशिष्ट जातीचा कोळसा हवेशिवाय तापवला की आधी मऊ होतो, फुगतो आणि मग घट्ट होऊन त्याची सच्छिद्र पण कणखर ढेपे बनतात. तोच कोक. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी याने १७०९ मध्ये कोकवर झोतभट्टी चालवून दाखवली. त्याआधी लाकडी कोळसा वापरत आणि त्यापायी जंगले तुटत. डार्बीच्या घराण्याने हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालवला. त्याच्या नातवाने १७७९ मध्ये सेव्हर्न नदीवर बांधलेला ओतीव लोखंडाचा पूल आजही उभा आहे.

दुर्दैवाने आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा या जातीचा नाही. तो बॉयलरखाली उत्तम जळतो, वीज निर्माण करायला चालतो, पण त्याचा चांगला कोक होत नाही. चांद्याच्या रानात पूर्वापार लोखंड गाळणारे कारागीर होते. ते लाकडी कोळसा वापरत. पण त्यांच्या भट्ट्या माणसाच्या उंचीच्या आसपास. तिथे भारही थोडा आणि मागणीही थोडी.

बैलगाडीतून चांदा

दोराबजी, वेल्ड आणि दोराबजींचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला अशी तिघांची तुकडी चांद्याच्या रानात शिरली. हे सकलातवाला पुढे इंग्लंडला गेले आणि १९२२ मध्ये चक्क ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले! पण त्या वेळी मात्र तेही बैलगाडीतून हाडे खिळखिळी करून घेत होते. रस्ते नाहीत, पाण्याची वानवा आणि भोवती वाघांचे रान.

लोहाऱ्याचे खनिज चांगलेच होते. पण वेल्ड यांनी मोजमाप करून सांगितले की, मोठा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा तर एवढ्याने भागणार नाही. साठे विखुरलेले आहेत आणि कोक होणारा कोळसा जवळ नाही.

मित्रांनो, हा नकार किती जड असेल याची कल्पना करा. वडिलांनी वीस वर्षे जपलेले स्वप्न, हातात आलेली परवानगी, परदेशातून आणलेला तज्ज्ञ आणि त्या तज्ज्ञाने दिलेले उत्तर 'नाही'! दोराबजींना दुसरा एखादा तज्ज्ञ शोधता आला असता, हवे ते उत्तर देणारा. त्यांनी तसे केले नाही. उत्तर मान्य केले, पण वेल्ड यांना परत जाऊ न देता थांबवून घेतले. आणि चांद्याचा शोध आपण सोडत आहोत, हे सरकारला कळवण्यासाठी ते नागपूरला आले.

भिंतीवरचा गडद रंग

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. ज्या अधिकाऱ्यांना भेटायचे ते जागेवर नव्हते. वाट पाहत बसण्यापेक्षा दोराबजी जवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा रंगीत भूशास्त्रीय नकाशा होता. तो पाहता पाहता त्यांची नजर एका ठिकाणी अडकली. नागपूरपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, दुर्गच्या बाजूला, एक भाग गडद रंगाने दाखवला होता. त्या रंगाचा अर्थ होता लोहखनिज.

ही घटना १९०४ च्या आसपासची. अनेक जण तिला नशीब म्हणतात. मला तसे वाटत नाही. तो नकाशा त्यांच्याआधी किती लोकांनी पाहिला असेल! पण चांद्याच्या धुळीतून नुकताच आलेला आणि 'लोखंड कुठे?' हा एकच प्रश्न डोक्यात घेऊन फिरणारा माणूस त्याच्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्या रंगाला अर्थ आला.

आणि रंग तरी तिथे कसा आला? भूशास्त्रीय नकाशातला प्रत्येक रंग म्हणजे कोणाची तरी पायपीट असते. हातोडी, होकायंत्र आणि वही घेऊन सर्वेक्षक गावोगाव हिंडतो, खडक फोडून पाहतो, थरांचा कल मोजतो आणि मग नकाशावर रेघ ओढतो. त्या भागाचे सर्वेक्षण प्रमथनाथ बोस या भारतीय भूशास्त्रज्ञाने केले होते आणि १८८७ मध्ये तिथल्या लोखंडाविषयीचे त्याचे टिपण प्रसिद्धही झाले होते. सतरा वर्षे ते कागदावर पडून होते.

वाजणारी टेकडी

वेल्ड आणि सकलातवाला दल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांवर गेले. टेकडीवर चालताना बुटांखाली धातूसारखा आवाज येत होता. सारी टेकडीच जणू लोखंडाची! खनिजात लोखंडाचे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होते.

असा दगड तुम्हालाही ओळखता येईल. आपल्या काळ्या दगडाचे, म्हणजे बेसॉल्टचे, विशिष्ट गुरुत्व सुमारे ३ आहे, तर हेमॅटाइटचे ५ च्या वर. एक लिटरच्या बाटलीएवढा काळा दगड सुमारे ३ किलो भरेल, तर तेवढाच हेमॅटाइट ५ किलोंहून अधिक. दगड आधी ताणकाट्याला टांगून हवेत वजन करा, मग तो पाण्यात पूर्ण बुडवून वजन करा. हवेतल्या वजनाला दोन वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. हा आर्किमिडीजचा नियम तुम्ही शिकलाच आहात. दुसरी कसोटी रेघेची. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासा. हेमॅटाइट वरून काळसर दिसला तरी रेघ गेरूसारखी लालच उमटते.

इतके उत्तम खनिज सापडूनही पुन्हा नकार आला. कोक होणारा कोळसा होता दूर झरियाला, पूर्वेकडे शेकडो किलोमीटरवर. कारखान्याला बारमाही भरपूर पाणी हवे. आज त्या भागात असलेले तांदुळा धरण तेव्हा नव्हते. टेकडीपर्यंत रेल्वेही नव्हती. खनिज पहिल्या प्रतीचे, पण जागा गैरसोयीची.

बोस यांचे पत्र

इकडे प्रमथनाथ बोस यांनी १९०३ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची नोकरी सोडली होती. त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कितीतरी कनिष्ठ अशा इंग्रज अधिकाऱ्याला प्रमुख नेमले गेले, म्हणून. मग ते ओडिशातील मयूरभंज संस्थानात गेले आणि तिथे गोरुमहिसाणीच्या डोंगरात त्यांना लोहखनिजाचा प्रचंड साठा आढळला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून ते कळवले. ज्यांनी दल्ली-राजहऱ्याची नोंद केली होती, त्यांच्याच हातून दुसरा रस्ता उघडला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले.

पेरिन आणि वेल्ड यांनी गोरुमहिसाणी पाहिली. इथे सारे जुळत होते. खनिज डोंगरात, झरियाचा कोळसा आवाक्यात, कलकत्त्याचे बंदर फार दूर नाही. १९०७ च्या अखेरीस सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची हे गाव मुक्रर झाले. म्हणजे पाण्याचीही सोय झाली. जवळचे स्टेशन होते कालीमाटी आणि ते ज्या रेल्वेवर होते तिचे नाव बंगाल-नागपूर रेल्वे! कारखाना नागपूरला आला नाही, पण नागपूरच्या नावाची गाडी त्याच्या दारातून गेली.

आता जमशेटजींचा कापसाचा हिशेब आठवा. कापूस जिथे, गिरणी तिथे. पण एक टन लोखंडाला दीड टनाहून अधिक खनिज, त्या काळच्या भट्टीत टनाच्या वर कोक आणि वर चुनखडी लागे. कापसाचा कच्चा माल एक, लोखंडाचे तीन. म्हणून कारखाना कोणा एकाच्या दारात न जाता, सर्वांची वाहतूक मिळून कमीत कमी पडेल अशा जागी बसतो.

पैसा आणि कसोटी

भांडवल लंडनमध्ये उभे राहीना. तेव्हा १९०७ च्या ऑगस्टमध्ये दोराबजींनी देशातील लोकांनाच हाक दिली. स्वदेशीचे वारे वाहत होते. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे सारे भाग घेतले. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनीची नोंदणी झाली. टाटा रुळांचे पोलाद काढतील तर तो प्रत्येक रूळ मी खाऊन दाखवीन, अशी थट्टा रेल्वेचे एक बडे अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट यांनी केल्याचे सांगतात.

२ डिसेंबर १९११ रोजी झोतभट्टीतून पहिले कच्चे लोखंड बाहेर पडले. या लोखंडात सुमारे ४ टक्के कर्ब असतो, त्यामुळे ते ठिसूळ असते. हा कर्ब जाळून एक टक्क्याच्या खाली आणला की पोलाद होते. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लगड तयार झाली. त्याच वर्षी तिथे आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात सुमारे १५०० मैलांचे रूळ टाटांनी पुरवले. अपकॉट साहेबांनी शब्द पाळला असता तर त्यांना थोडे अपचन झाले असते, असे दोराबजी म्हणाले म्हणतात. १९१९ मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर झाले.

खरी कसोटी पुढेच होती. युद्धानंतर कारखाना वाढवायला घेतला आणि नेमके तेव्हाच पोलादाचे भाव कोसळले. १९२४ मध्ये कामगारांच्या पगाराला पैसे पुरतील की नाही, अशी अवस्था झाली. तेव्हा दोराबजींनी आपली सारी खाजगी मालमत्ता आणि पत्नी मेहरबाई यांचे दागिने इम्पीरियल बँकेकडे गहाण ठेवून एक कोटी रुपयांचे कर्ज उभारले. त्या दागिन्यांत ज्युबिली हिरा होता. त्याचे वजन २४५ कॅरेट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहूनही अधिक. कारखाना तगला.

दोराबजी खेळांचेही शौकीन होते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले, ते मुख्यतः त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने. १९३१ मध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजींनी त्या रोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला आणि आपली जवळजवळ सर्व संपत्ती विश्वस्त निधीला दिली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. मुंबईचे टाटा कर्करोग रुग्णालय आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था ही त्याच निधीची फळे आहेत.

त्या गडद रंगाचे पुढे काय झाले?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. नकाशा खरा होता, पण १९०४ मध्ये त्या टेकडीभोवती रेल्वे नव्हती, पाणी साठवलेले नव्हते आणि कोळसा परवडेल अशा रीतीने तिथवर येत नव्हता. पुढे धरण झाले, रूळ टाकले गेले. १९५५ मध्ये भारत सरकारने सोव्हिएत संघाशी करार केला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिला खनिज कुठून येऊ लागले? दल्ली-राजहऱ्याहून! दोराबजींनी अजब बंगल्यात पाहिलेल्या रंगाचे रूळ झाले, पण पन्नासेक वर्षांनी. आणि जुन्या चांदा जिल्ह्यातल्या, आताच्या गडचिरोलीतल्या, सुरजागडच्या टेकड्यांतूनही अलीकडच्या काळात लोहखनिज निघू लागले आहे.

म्हणून प्रयोगवहीत 'अपेक्षित उत्तर आले नाही' असे लिहावे लागले तर ओशाळू नका आणि आकडे तर मुळीच फिरवू नका. वेल्ड यांनी चांद्याला 'नाही' म्हटले, ते आकडे मोजून. दोराबजींनी ते ऐकले, म्हणून ८ हजार लोकांचा पैसा चुकीच्या जागी गेला नाही.

पुढच्या सुट्टीत अजब बंगल्यात गेलात तर भिंतीवरचे नकाशे घाईघाईने ओलांडू नका. आधी कोपऱ्यातली रंगांची सूची वाचा. आणि हो, जाताना डोक्यात एखादा प्रश्न घेऊन जा.